कादंबरीतली सावत्र आई

भिवपुरीच्या पॉवर हाऊसच्या क्वार्टरमध्ये मैना कादंबरी मोठ्यानं वाचत होती आणि तिची सावत्र आई मोतीबाई तांदूळ निवडत ऐकत होती. मैना कॉलेजात मानसशास्त्र शिकत होती. कादंबरीतल्या सावत्र आईच्या मनाबद्दल तिला वर्गात बोलायचं होतं.

"ही बाई पोरीचं सगळं करते, पण तिला कधी जवळ घेत नाही. मी सांगणार, हिच्या मनात मत्सर आहे," मैना म्हणाली.

"मत्सर नाय गं, भ्या वाटतं तिला," मोतीबाई म्हणाली. "जवळ घ्यायला गेली आन् पोरीनं हात झटकला तर? मग रोज त्याच घरात तोंड कसं दाखवायचं?"

मैनानं पुस्तकातून मान वर केली. तिनं हळूच विचारलं, "मग मावशी, त्या पोरीनं काय करायला हवं होतं?"

"पोरीनं कशाला? ती ल्हान हाय."

मोतीबाईनं सूप बाजूला सारलं. ती मैनाच्या मागं येऊन बसली आणि या घरात आल्यापासून पहिल्यांदाच तिची वेणी सोडू लागली. मैनानं पुस्तक मिटलं आणि पाठ तिच्या गुडघ्यांना टेकवली.