कुणालचं टूलकिट

पहिला फटका खांद्यावर बसला. सुयश उकिडवा बसून हत्यारं भरत होता, तो तोंडावर कोसळला. पक्कड, पाने, हवेचा छोटा पंप, सगळं पार्किंगभर घरंगळत गेलं. मागे वळून बघायच्या आत दुसरा फटका बरगड्यांवर आला.

“अजून लोकांची टूलकिटं भरतोस? लाज नाही वाटत?”

आवाज विष्णूचा होता. कुणालच्या थोरल्या भावाचा. त्याच्या हातात टॉमी होती, टायर उचकटायची हातभर लोखंडी पट्टी. सुयशनेच ती पुसून फडक्यावर मांडली होती. विष्णूने कधी उचलली, ते त्याला कळलंसुद्धा नव्हतं. शुक्रवारची दुपार होती. आखातातल्या रोल्ला वस्तीतली ती बिल्डिंग जेवून आडवी झाली होती, आणि खालच्या पार्किंगमध्ये या दोघांशिवाय कुणी नव्हतं.

दर शनिवारी पहाटे मोटरसायकली काढून डोंगराकडे जाणारा त्यांचा मराठी मंडळींचा ग्रुप होता. त्या ग्रुपचा एक नियम होता. आपलं टूलकिट आपण भरायचं नाही. दुसऱ्याने भरायचं, कारण स्वतःच्या बाबतीत माणूस हमखास आळस करतो. कुणालचं टूलकिट सुयश भरायचा. तीन महिन्यांपूर्वीही त्यानेच भरलं होतं. तापाने फणफणला होता, तरी आदल्या संध्याकाळी खाली उतरून भरलं होतं.

त्या शनिवारी कुणाल उशिरा निघाला. पुढे गेलेल्यांना गाठायला एकटाच सुटला. रास अल खैमाच्या रस्त्यावर त्याचं मागचं चाक बसलं. कडेला बसून तो पंक्चर काढत होता. मागे लांबवर उभा करायचा धोक्याचा लाल ट्रँगल त्याने लावलाच नव्हता, कारण तो किटमध्ये नव्हताच. पिकअपवाल्याच्या डोळ्यांवर ऊन होतं. कुणाल जागच्या जागी गेला. एकोणतीस वर्षांचा होता.

पोलिसांनी सामान परत दिलं ते विष्णूकडे. त्याने ते घरी फरशीवर मांडलं. पुन्हा पुन्हा मांडलं. बारीकसारीक सगळं होतं, ट्रँगल तेवढा नव्हता. कुणालला त्यानेच इकडे बोलावून घेतलं होतं, देऱ्यातल्या आपल्या दुकानात बसवलं होतं, आईला शब्द दिला होता. तीन महिने तो धड झोपला नव्हता. आणि ज्याच्या हलगर्जीपणाने भाऊ गेला, तो माणूस इथे आरामात दुसऱ्या कुणाचं तरी किट भरत बसला होता!

“बोल ना!” विष्णूने लाथ घातली. “इतक्या वेळा विचारलं तुला. फोनवर विचारलं, तेराव्याला विचारलं. तोंड शिवलंय का तुझं?”

सुयश तसाच पडून राहिला. त्याने हातही वर केला नाही. ते बघून विष्णूचं डोकं आणखी फिरलं. समोरच्याने दोन ठोसे तरी हाणावेत, आई-बहिणीवरून शिव्या तरी द्याव्यात, म्हणजे मारायला बरं पडतं. तो सुयशच्या छातीवर बसला. कॉलर धरून त्याचं डोकं जमिनीवर आपटलं. एकदा, मग पुन्हा. सुयशची भुवई फुटली. रक्त कानापर्यंत ओघळलं.

“एकदा कबूल कर. मी ट्रँगल भरायला विसरलो, असं म्हण. मला तुझ्या तोंडून ऐकायचंय.”

सुयशने डोळे मिटले.

“हो दादा. विसरलो मी.”

विष्णूने टॉमी दोन्ही हातांनी डोक्यावर उचलली.

“दादा, थांबा! खोटं बोलतोय तो!”

सुयशची बायको वैभवी लिफ्टमधून धावत आली. येताच ती विष्णूच्या मनगटाला दोन्ही हातांनी लोंबकळली. त्याने हिसडा दिला, तरी तिने सोडलं नाही.

“ट्रँगल याने भरला होता. मी होते ना इथे, मी टॉर्च धरला होता.”

“वैभवी, गप्प बस,” सुयश खालून म्हणाला.

“नाही बसणार. तीन महिने बसले, आता खलास. तुझा जीव गेल्यावर बोलू का?”

“भरला होता, तर गेला कुठे?” विष्णू ओरडला.

“तुमच्या गाडीत आहे, दादा. डिकीत.”

विष्णूची टॉमी खाली आली.

“तुमच्या गाडीचं पासिंग होतं ना? टेस्टिंगवाल्यांना ट्रँगल दाखवावा लागतो, तुमच्याकडे नव्हता. कुणालला म्हणालात, नवीन आणून ठेव. तो कसला दुकानात जातोय! रात्री आपल्या किटमधलाच काढून तुमच्या डिकीत टाकला, पासिंग झालं की परत घेईन म्हणून. पंक्चर झालं तेव्हा रस्त्यावरून त्याने सुयशला फोन केला होता. तापामुळे हा घरीच होता, फोन स्पीकरवर होता, मी ऐकलंय. हसत होता हो! म्हणाला, दादाला काही सांगू नकोस, उगाच शिव्या घालेल मला.”

सुयशने तोंड दुसरीकडे फिरवलं. मार खाताना त्याच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, ते आता आलं.

विष्णू त्याच्या छातीवरून उठला नाही. त्याला उठताच येईना. डिकीतला ट्रँगल नवा असेल, असंच तो धरून चालला होता. त्या शनिवारी सकाळी त्याची गाडी पहिल्याच खेपेला पास झाली होती. ते सांगायला त्याने टेस्टिंगच्या रांगेतूनच कुणालला फोन लावला होता. तीनदा लावला. तिन्ही वेळा रिंग पूर्ण वाजली होती.