डिकीतला दिवा

आमची गाडी मेव्हण्याच्या पसंतीची. "दाजी, डिकीला चावीचं भोकच नाही, फक्त बटण!" हे तो आल्यागेल्याला असं ऐकवायचा, जणू ते बटण त्यानेच शोधून काढलंय. पण गाडी रात्रभर उभी राहिली की सकाळी बॅटरी ठार.

शेवटी मेकॅनिकला घरी बोलावलं. तो म्हणाला, "डिकी लावल्यावरही आतला दिवा जळत राहत असेल. पण बंद डिकीत बघणार कोण?"

"मी आहे ना!" मेव्हणा पोट आवळून आत शिरला. आम्ही दोघांनी झाकण दाबून लावलं.

आतून आरोळी आली, "मिणमिणतोय! बघा, शेवटी चोर मीच पकडला!"

मी कौतुकाने डिकीवर थाप मारेपर्यंत मेकॅनिकने बॅटरी काढून स्कूटरवर ठेवलीसुद्धा. "पार उतरलीय. चार्ज करून उद्या आणतो," म्हणत तो कोपऱ्यावरून वळला.

 

 

डिकीतून खुशीत आवाज आला, "दाजी, दिवा गेला बरं का! झालं काम. दाबा आता बटण!"