भिंतीवरची चित्रं

"एका वर्षात जगदलपूर फिरून झालं, पुरी झाली, घर नवं केलं, अन् हिले चित्रं काढायचा नाद लागला," जावई प्रफुल्ल सासूबाईंना समता कॉलनीतलं घर दाखवत होता. शांताबाईंना लेकीची, अपर्णाची चित्रं आवडली, पण टांगली मात्र होती कशीही. एक डोक्याएवढ्या उंचीवर, एक कमरेपाशी, एक तर चक्क पलंगामागे जमिनीलगत.

प्रफुल्ल त्यांना स्टेशनवर सोडायला ऑटो आणायला बाहेर पडला, तेव्हा त्यांनी खालचं चित्र सरळ करायला म्हणून उचललं. मागं गिलावा फुटला होता आणि विटेला अपर्णाचे लांब केस चिकटले होते. मग त्यांनी दुसरं उचललं, तिसरं उचललं. एकाही चित्रामागं भिंत धड नव्हती.

दाराआड सगळ्यात मोठं चित्र तसंच उभं करून ठेवलं होतं.

"अन् हे काहून नाही टांगलं?"

"तू गेली का त्याचीबी जागा होते, आई," अपर्णा हळूच म्हणाली.

बाहेर ऑटो थांबला. "चला आई, गाडी चुकन," प्रफुल्लनं हाक मारली.



शांताबाईंनी पदर खोचला. "त्याले आत बोलाव. याची जागा मीच करून जातो."