चौथा हात

पडद्यावरच्या बससमोर चेंडू आला आणि ताईंचा उजवा पाय टेबलाखाली खच्चून दाबला गेला. पायाखाली हिशेबनीसांचा बूट होता.

“अगं आई गं!”

“माफ करा हं. सवय.”

पडद्यावर चेंडूमागोमाग एक मूल धावत आलं, चेंडू उचलून निघून गेलं. बस कधीच थांबली होती. चालकाच्या जागेवर कुणी नव्हतं. स्टिअरिंग आपलं आपण फिरलं आणि गाडी पुढे निघाली. ताईंचा पाय दाबला जाण्याआधीच ती थांबली होती. याचं कौतुक करावं की राग धरावा, हे निम्मं आयुष्य बस चालवलेल्या ताईंना ठरवता येईना.

डेपोच्या वरच्या खोलीत पेन्शन फंडाची बैठक चालली होती. डेपोतल्या सगळ्यांच्या पगारातून कापलेला पैसा कुठे गुंतवायचा, हे ठरवायला टेबलाभोवती पाच जण बसले होते. चालकांच्या वतीने ताई.

“सध्या मोठमोठे फंड इकडेच वळताहेत,” तरुण सल्लागार म्हणाला. “विनाचालक वाहनं. या वर्षीची सगळ्यात जोरदार थीम.”

थीम म्हटल्यावर ताईंना भाचीच्या वाढदिवसाचे जांभळे फुगे आठवले. त्यांनी मान हलवून ते घालवले.

“मला एक सांगा,” त्या म्हणाल्या. “आपला पैसा वाढला म्हणजे नेमकं काय झालेलं असेल?”

“म्हणजे अशा बसगाड्या जोरात खपल्या असतील.”

“म्हणजे आम्ही घरी.”

“तसं लगेच नाही...”

“आणि नाही खपल्या तर?”

“तर मग पैसा अडकेल. थोडाफार बुडेलही.”

“म्हणजे नोकरी गेली तर पेन्शन राहील, आणि नोकरी राहिली तर पेन्शन जाईल. बरोबर?”

सल्लागाराने पाण्याचा ग्लास उचलला, तसाच खाली ठेवला. “असं एका ओळीत नका ना मांडू, ताई. याला आम्ही जोखीम विभागणं म्हणतो.”

“विभागा की,” फिटर हाताची घडी घालून म्हणाला. कामगारांच्या बाजूने तोही होता. “नवरा एका खोलीत, बायको दुसऱ्या खोलीत. घटस्फोट नाही म्हणायचं, विभागणी म्हणायचं.”

अध्यक्ष हसले नाहीत. फंड आटत चाललाय, असंच राहिलं तर पुढच्या वर्षी निवृत्तांच्या पेन्शनला कात्री लावावी लागेल, हे त्यांनी सकाळपासून तीनदा सांगितलं होतं. आता त्यांनी हात वर केला. हिशेबनीसांनी केला. मग निवृत्तांच्या वतीने आलेल्या उस्तादांनी, टेबलाकडे बघत, सावकाश केला. फिटरची घडी सुटली नाही. ठराव व्हायला चार हात लागणार होते.

सगळे ताईंकडे बघू लागले.

ताई खिडकीबाहेर बघत होत्या. खाली आवारात त्यांची लेक रिकामी बस रिव्हर्समध्ये घेऊन दोन पिंपांच्या मध्ये लावत होती. परवाच चालक म्हणून रुजू झालेली. पिंपाला घासता घासता राहिली, पुढे गेली, पुन्हा मागे आली.

“उस्ताद,” ताई हळूच म्हणाल्या, “काय करू?”

ताईंना गाडी शिकवली ती उस्तादांनीच. डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून ते आवाजाच्या दिशेने वळून बोलायचे. “मी माझ्यापुरतं बघितलं, पोरी. औषधं आहेत. तू तुझ्यापुरतं बघ.”

“माझ्यापुरतं म्हणजे कुठलं?”

उस्तादांचा हात अजून वरच होता; दुसऱ्या हाताने त्यांनी कोपराला आधार दिला होता. इतका वेळ त्यांना तो वर धरायला लागावा, हे ताईंना बघवेना. त्यांनी आपला वर केला.

“झालं!” अध्यक्ष म्हणाले. “खाली करा, उस्ताद.”

फिटरने खुर्ची मागे सरकवली. “ताई, खाली पोरगी गाडी लावतेय. दिसली ना?”

“दिसली रे.”

जिना उतरताना ताईंनी स्वतःला विचारून पाहिलं, हात उस्तादांसाठी वर गेला की स्वतःच्या पेन्शनसाठी, की नुसता बैठक संपावी म्हणून.

खाली लेक दार उघडून उभीच होती. “आई, चल! पहिली फेरी. पुढच्या सीटवर तूच बसायचं.”

डेपोतली रीतच होती तशी. नवा चालक पहिल्यांदा रस्त्यावर गाडी काढतो तेव्हा शेजारी जुनं माणूस बसतं, आणि फेरी संपेपर्यंत ते एक शब्द बोलत नाही. चुकलं तरी नाही. ताईंच्या वेळी उस्ताद असेच बसले होते, तोंडात सुपारी धरून.

ताई बसल्या. गाडी फाटकातून झोकात बाहेर पडली.

“वर काय ठरलं गं?” लेकीने आरशात बघत विचारलं.

ताईंनी ओठांवर बोट ठेवलं. रीत म्हणजे रीत. एवढी हक्काची गप्प राहायची सोय त्यांना आजवर कधी मिळाली नव्हती.

“बरं बाई, नको बोलूस.” लेक हसली. तिने गिअर बदलला, बाजूने घुसलेल्या स्कूटरवाल्याला वाट दिली, चढ ओलांडला. हात सफाईचा होता. उतारावर गाडी वेग घेऊ लागली. खाली चौकात दिवा लाल झाला.

ताईंचा उजवा पाय पत्र्यावर दाबला गेला. आणखी दाबला गेला.

“आई,” लेक समोरची नजर न हलवता म्हणाली, “तुझ्या बाजूला ब्रेक नाहीये.”