मधला स्पीकर

"यात बॅन्ड ऐकू येतो, माणूस ऐकू येत नाही," हिलरी म्हणाला.

एव्हरशाईन सिटीतल्या त्या स्पीकरच्या दुकानात तो आणि लिडिया तिसऱ्यांदा आले होते. या खेपेला हिलरीने स्वतःचा पेनड्राइव्ह आणला होता. त्यात त्यांच्या लग्नाची व्हिडिओ कॅसेट उतरवून घेतली होती. कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये जन्म काढलेल्या माणसाचा दुकानदाराने लावलेल्या सिनेमातल्या स्फोटांवर भरवसा नव्हता.

"अंकल, स्पीकर बघताय की नवरी?" दुकानदार शत्रुघ्न हसला. "बजेट पस्तीस हजार आणि नखरे लाखाचे."

"नवरीच्या वेळी कुठे एवढे नखरे होते!" लिडिया म्हणाली. "अर्ध्या तासात हो म्हणून मोकळा झाला होता हा."

हिलरी हसला नाही. त्याच्या डोक्यात लेस्टर होता.

लेस्टर म्हणजे भुईगावातला त्यांचा शेजारी, हिलरीचा शाळेपासूनचा मित्र. नाताळात त्याने होम थिएटर आणलं होतं. पुरुषभर उंचीचे दोन टॉवर स्पीकर, चार कोपऱ्यांत चार डबे. तेव्हापासून रोज संध्याकाळी हिलरीच्या खिडक्यांच्या काचा थरथरायच्या. काचांपेक्षा जास्त हिलरी थरथरायचा.

लेस्टरचं असंच होतं. गिरीज गावातली नारळाची वाडी आधी हिलरीने पाहिली, घेतली लेस्टरने. बॅंकेतल्या जागेची जाहिरात हिलरीने कापून ठेवली, नोकरी लागली लेस्टरला. हिलरी विचार करत बसायचा आणि तोवर लेस्टर मोकळा झालेला असायचा. वर येऊन खांद्यावर हात टाकायचा, "तूच दाखवलंस रे मला." यातलं वाईट म्हणजे तो ते मनापासून म्हणायचा.

या वेळी मात्र हिलरीला एक फट सापडली होती. नाताळात केकची बशी पुढे करताना लेस्टरची बायको ग्लोरिया हळूच म्हणाली होती, "धडधड फार आहे रे हिलरी. बोलणं काही कळत नाही."

ते वाक्य त्याने जपून ठेवलं होतं.

पुढच्या रविवारी त्यांच्या लग्नाला पंचवीस वर्षं होत होती. चर्चमध्ये मिस्सा झाली की जेवण, मग सगळ्यांना घरी बसवून लग्नाची फिल्म दाखवायची. लिडियाला त्यातला वडिलांचा शुभेच्छांचा टोस्ट ऐकायचा होता. वडील जाऊन दहा वर्षं झाली होती आणि टीव्हीच्या आवाजात त्यांचं बोलणं नुसतं घुमायचं. हिलरीला लेस्टरचा चेहरा बघायचा होता.

"मग माझं ऐका," शत्रुघ्न म्हणाला. "टॉवरचा नाद सोडा. ठोक्याचा डबा, तो सबवूफर, लहान घ्या. उरलेला सगळा पैसा मधल्या स्पीकरवर घाला. टीव्हीच्या खाली आडवा बसतो ना, तो. माणसाचं बोलणं त्याच्यातून येतं. लोक पैसा धडधडीवर घालतात आणि मग म्हणतात, काय बोलला कळलं नाही."

त्याने जोडणी बदलली. हिलरीने फिल्म टोस्टवर नेऊन लावली.

"माझी पोरगी थोडी हट्टी आहे," लिडियाचे वडील दुकानाच्या मध्यभागी उभं राहून बोलावं तसे बोलले.

लिडियाने पदर तोंडाला लावला. "बंद कर," ती म्हणाली. "बाकीचं घरी. सगळ्यांबरोबर."

"बघितलंत?" शत्रुघ्न म्हणाला. "कोणी कुजबुजलं तरी शब्द न शब्द सुटा ऐकू येणार."

रविवारपर्यंत हिलरीने हॉलमध्ये टेपने मापं घेतली. मधला स्पीकर बसलेल्या माणसाच्या कानाकडे रोखला. जिथे आवाज सगळ्यात स्वच्छ येत होता तिथे जमिनीवर खडूची फुली मारली आणि रविवारी त्या फुलीवर लेस्टरची खुर्ची ठेवली. शेजारी ग्लोरियाची.

"टॉवर कुठायत?" लेस्टरने बसता बसता विचारलं.

"ऐक तर आधी."

मुलगी जीना रिमोट घेऊन बसली. फिल्म सुरू झाली. लग्नाच्या आदल्या दिवशीचा मांडव, याच अंगणातला. न्हावी हिलरीची दाढी करतोय. बायका गातायत. "तो गाल राहिला!" कोणीतरी पडद्यावरून ओरडलं आणि अख्ख्या हॉलला ते ऐकू आलं. मग पंगत.

"ती बघा ग्लोरिया आंटी!" जीना ओरडली. "केवढी बारीक!"

"गल्लीतल्या सगळ्या पोरी वाढायला होत्या तेव्हा," ग्लोरिया म्हणाली. "माझं नि लेस्टरचं नुकतंच ठरलं होतं."

त्यानंतर आला तो खांब. कॅमेरावाला कॅमेरा खुर्चीवर ठेवून जेवायला गेला होता आणि बंद करायचं विसरला होता. सहा मिनिटं पडद्यावर मांडवाचा एक खांब, त्याला बांधलेली केळ आणि वर कर्कश बॅन्ड. घरात हा भाग कोणी कधी बघितला नव्हता.

"डॅडी, खांब पळवू ना?"

"अजिबात नाही," हिलरी म्हणाला. "लेस्टर, आता ऐक. ढोल वेगळा, क्लॅरिनेट वेगळी. मागे पंगतीतली भांडीसुद्धा वाजतायत बघ."

लेस्टर पुढे झुकला. डोळे मिटून ऐकलं. मग त्याने मान हलवली.

"मानलं तुला," तो म्हणाला. "माझ्याकडे हे नाही."

आयुष्यभर वाट बघितलेलं वाक्य. हिलरीने ग्लोरियाकडे पाहिलं. ती पडद्याकडे बघत होती, त्या केळीकडे, आणि तिचा चेहरा पांढरा पडत चालला होता.

बॅन्ड दम घ्यायला थांबला. टीव्हीखालच्या मधल्या स्पीकरमधून एक तरुण आवाज आला. अगदी जवळून, कुजबुजता, शब्द न शब्द सुटा.

"ग्लोरिया, ते ताट खाली ठेव आणि ऐक. लिडियाच्या घरी मी आत्ता निरोप पाठवतो, लग्न मोडलं म्हणून. लेस्टरचं मी बघून घेईन. तू फक्त हो म्हण."