खुशालराव नागपूर पाहतात

"मेलेला वाघ पाहाले तिकीट?" नागपूरच्या अजबबंगल्यात, म्हणजे तिथल्या जुन्या वस्तुसंग्रहालयात, काचेपुढे उभे राहून खुशालराव म्हणाले. "आमच्या मेळघाटात जित्ता हाये."

"तो तरी कधी पाहिला तुमी?" प्रणालीनं विचारलं.

"नाई पाहिला. पन तो असा भुसा भरून तर नाई बसला."

शेजारची बाई तोंडावर पदर धरून हसली. प्रणालीला हसू आलं नाही. सकाळी बडनेऱ्याच्या गाडीतून उतरल्यापासून तिच्या बापाचं हेच चाललं होतं. स्टेशन उगाच मोठं होतं. मेट्रो उगाच उंचावरून जात होती. अमरावतीबाहेर कौतुकाची एक गोष्ट या माणसाला जन्मात सापडली नव्हती. नांदगाव पेठच्या कापड कारखान्यातून निवृत्त झाल्यावर ओट्यावर बसून जगाला नावं ठेवायची, हाच त्यांचा उद्योग. अशा माणसानं आपणहून फोन करून 'मले नागपूर दाखव' म्हणावं, याचं तिला आठवडाभर नवल वाटत होतं.

नवल वाटलं आणि आशाही वाटली. लग्नाला आठ वर्षं झाली, पण आईबापांनी तिच्या घरचं पाणीसुद्धा घेतलं नव्हतं. लेकीला मूल झाल्याशिवाय तिच्या घरचं खायचं नाही, अशी रीत. ही रीत काढणाऱ्याला लेक नसावी. प्रणालीची आई गोदाबाई तर रीत पाळण्यात एकदम पक्की. वर्षातून एकदा यायची, सोबत डबा आणि पाण्याची बाटली आणायची, आणि लेकीच्याच टेबलाशी बसून स्वतःच्या दशम्या खायची. समोर बसून ते पाहताना प्रणालीला त्या दशम्यांचाही राग यायचा. यंदा तर डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं आणि तिनं व तिच्या नवऱ्यानं दवाखाने बंद केले. घरी तसं कळवलंही. म्हणजे ही रीत आता कधी सुटणारच नव्हती. बापानं आज आपल्या घरचा एक घास खावा, एवढंच तिला हवं होतं.

त्यासाठी तिनं पहाटे उठून वांग्याची भाजी केली होती. शिवाय या खेपेला गोदाबाईंनी नवऱ्याबरोबर दिलेला डबा बडनेरा स्टेशनच्या बाकड्यावर राहून गेला, असं खुशालराव म्हणाले होते, आणि त्याबद्दल रेल्वेलाच चार शब्द सुनावले होते. तरी घरात आल्यावर भांड्यांकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. पिशवी कोपऱ्यात ठेवली आणि उभ्या उभ्याच म्हणाले, "आधी नागपूर पाहू."

मग पाहिलं नागपूर. बर्डीच्या बाजारात त्यांनी भाजीवाल्याला ऐकू जाईल असं सांगितलं की ही वांगी मेणाची वाटतात. तर्री-पोह्यांची प्लेट समोर आली, तर एक चमचा तोंडात घालून सरकवून दिली. "हे पोहे पुरात वाहून आले का?" सावजी खानावळीच्या दारातून नुसता वास घेऊन परतले. शेवटी प्रणालीनं त्यांना गार हवेच्या मोठ्या हॉटेलात नेलं. तिथला मॅनेजर अदबीनं विचारायला आला, तर त्यालाच म्हणाले, "तुमी सोता जेवता का इथं?"

प्रणालीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पाण्याच्या बाटलीचे पैसे टेबलावर ठेवून तिनं बापाला बाहेर काढलं. फुटपाथवर आल्यावर मात्र तिचा बांध फुटला.

"बाबा, तुमाले भूक नाई लागत का?"

"लागली ना. सकायपासून पोटात काई नाई."

"मंग जेवा ना कुठीतरी! साऱ्या गावाले काहून नावं ठेवून राहिले?"

"कुठी जेवू? तूच पाहून राहिली ना, एक तरी हाटेल धड हाये का?" खुशालराव रस्त्यावरच्या गाड्यांकडे बघत होते. तिच्याकडे त्यांनी पाहिलंच नाही. "तुह्या घरी काय हाये?"

प्रणालीला वाटलं आपण भलतंच ऐकलं.

"वांग्याची भाजी हाये," ती हळूच म्हणाली. "सकायची."

"सकायची," त्यांनी तोंड वाकडं केलं. "चाल."

घरी तिनं पाण्याचा ग्लास पुढे केला. खुशालरावांनी ग्लास एका दमात रिकामा केला आणि पाणी कोमट आहे म्हणाले. मग जेवायला बसले. पोळी जाड आहे म्हणाले आणि दुसरी घेतली. भाजीत मीठ कमी आहे म्हणाले आणि वाटी पुढे केली. प्रणाली वाढत राहिली. डोळे पुसायला तिचा हात मोकळा नव्हता.

तेवढ्यात गोदाबाईंचा फोन आला. हात खरकटा म्हणून खुशालरावांनी तो डाव्या हातानं स्पीकरवर टाकला.

"काहो, जेवले का कुठी?"

"काय सांगू तुले. अजबबंगला पाहिला, बाजार पाहिला, हाटेलं पालथी घातली. येवढं मोठं नागपूर, पन मान्साले जेवासारखं काईच नाई. पोरीच्या घरी बसलो मंग. काय करतो, उपाशी मरू का?"

प्रणालीच्या हातातली पळी तशीच राहिली. आईला ती ओळखत होती. आता नवऱ्याची खरडपट्टी निघणार, रीत निघणार, आजी-पणजी निघणार. पण तसलं काहीच निघालं नाही.

"खरंच काई भेटत नाई तठी?" गोदाबाईंनी विचारलं.

"काईच नाई."

"मंग सकायच्या गाडीनं मीबी येतो," त्या म्हणाल्या. "पोरीले सांगा, कनीक जास्तीची भिजवजो."