शंभर बोंडं

चाळीस. टाळीस. माळीस. ओवाळीस. छे.

गार झालेला चहा. आत बायकोच्या, रजनीच्या बांगड्यांची किणकिण. पलंगाखाली गेलेलं पेनचं टोपण.

नंबर. अंबर. कंबर.

शंभर!

यज्ञेश्वरनं मांडीवर थाप मारली. घाटंजीच्या कचेरीत तीस वर्षं दाखले लिहिलेला माणूस. कपाटात कवितांच्या अकरा वह्या. त्यातली एक ओळही कधी कुणी पाठ म्हटली नव्हती. आता कपाशीच्या बियाण्याच्या एका कंपनीला जीपवर वाजवायला गाणं हवं होतं.

"इतके दिवस चंद्र होता," रजनी म्हणाली. "आता बोंडं."

"लोक म्हणतील हे. तू पाहा."

लोकांनी म्हटलं. आठवडी बाजारात जीपचा भोंगा गायला लागला. पंधरा दिवसांत भोंग्याची गरज उरली नाही.

बी हाय आपलं एक नंबर,
वाकवा बायांनो, वाकवा कंबर,
वावरात उतरलं पांढरं अंबर,
मोजून घ्या बोंडं शंभर!

भाजीवाली म्हणे. शाळेतून सुटलेली पोरं म्हणत. यज्ञेश्वर बाजारात उगाच तीन-तीन चकरा मारी. पिशवी रिकामी. कान भरलेले.

दिवाळी सरली, आणि हंसाबाई दारात. तांड्यावरून चार कोस पायी आलेली. तिच्या पोरांचे जातीचे दाखले यानंच लिहिले होते. हातात कपाशीचं अख्खं झाड, मुळासकट उपटलेलं.

"गाणं तुमचंच ना, साहेब?"

"माझंच!" त्याला हसू आवरेना.

"मंग आयका. कुठं चुकून राह्यलं, सांगा."

ती उभ्यानंच गायली. तांड्यातल्या बाया पेरताना गातात तसं. संथ, एकेक ओळ दोनदा. एक शब्द इकडचा तिकडे नाही. यज्ञेश्वरचे डोळे भरून आले.

"बरोबर आहे. अगदी बरोबर आहे, हंसाबाई."

"मंग अडतीसच काहून?"

तिनं झाड पुढं केलं.

"साऱ्या वावरात मोजले. कुठं छत्तीस, कुठं एक्केचाळीस. म्हटलं, पेरताना कडवं चुकलं असन माह्यं. आमच्यात गाणं चुकलं तं पीक रुसते. शंभर म्हणून यंदा ज्वारी नाही पेरली, तूर नाही. सारी कपाशीच. दुसरं कडवं असन तं शिकवा मले."

यज्ञेश्वर उठला. बसला. पुन्हा उठला. पेनचं टोपण काढलं, लावलं, काढलं.

"कंपनीवाले खोटारडे असतात, बाई. त्यांनी सांगितलं, मी लिहिलं."

"कंपनीवाल्याले मी कायले मानू?" हंसाबाई म्हणाली. "म्या गाणं मानलं."

झाड उंबऱ्याशी ठेवून ती गेली.

"कोण होतं हो?" आतून रजनी.

यज्ञेश्वर बोंडं मोजत होता. अडतीस. परत मोजली. अडतीस.

मे महिन्यात कंपनीच्या माणसानं गाण्यासाठी जो कागद आणून दिला होता, त्यावर छापलं होतं: एका झाडाला बोंडं चाळीस.